दूरदर्शन-आकाशवाणीसाठी घरटी सक्तीची फी असावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी-जालन्यापासून पार उदगीर-उमरग्यापर्यंतचे लोक हेच प्रश्न फिरून फिरून विचारायलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधी माहिती आहे, माझं मत प्रश्न ७ पासून सुरू होतं. ज्याला मताशी घेणंदेणं नाही त्यानं सहाव्यालाच थांबावं.

१. सक्तीची लायसन फी म्हणजे नेमकं काय ओ? केबलवाल्याला देतो तेच का?

नाही. केबलचं किंवा डिशचं रिचार्ज म्हणजे तुम्ही घेतलेल्या चॅनलचे पैसे, नाही भरले की चॅनल बंद, विषय संपला. लायसन फी कायद्यानं भरावी लागते. घरात टीव्ही आहे म्हणून, काही देशात तर नुसतं घर आहे म्हणून, आणि ते पैसे जातात सार्वजनिक प्रसारण करणाऱ्या संस्थेला. तुम्ही तिचे कार्यक्रम बघता का नाही हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही.

२. व्हॉट्सॅपवर फिरायलंय की आपल्याकडं टीव्हीवर फी लागणार म्हणून. खरंय का?

आज भारतात रेडिओ किंवा टीव्ही घरात ठेवायला कुठलीच लायसन फी नाही. आणि ती एखाद्या ग्रामपंचायतीला, झेडपीला किंवा मुंबईच्या सरकारला लावताही येत नाही, कारण प्रसारण हा राज्यघटनेत केंद्राच्या यादीतला विषय आहे आणि कायद्याशिवाय कर घेता येत नाही असं कलम २६५ सांगतं. त्यामुळं उद्या दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन 'टीव्हीचा टॅक्स' मागायला आला तर त्याला ओसरीवर बसवा, पाणी द्या आणि पोलीस पाटलाला फोन लावा. कायद्यात अशा फीसाठी जागा मात्र ठेवलेली आहे, ते प्रश्न ४ मध्ये.

३. आजोबांच्या ट्रंकेत रेडिओ लायसनचं पुस्तक सापडलं, आत तिकिटं आणि पोस्टाचे शिक्के. हे काय प्रकरण होतं?

जपून ठेवा, आता बघायला मिळत नाही ते. आपल्या देशात रेडिओला लायसन लागायचं हे १९२० च्या दशकापासूनचं, नंतर १९३३ च्या वायरलेस कायद्यानं ते अजून पक्कं केलं. दरवर्षी पोस्टात जायचं, फी भरायची, पुस्तकात खास रेडिओ लायसनचं तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. सत्तरच्या दशकात रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीला ५० रुपये होते. तपासणीला इन्स्पेक्टर यायचा, लायसन नसलं तर दंड, सेट जप्त करायचाही त्याला अधिकार. आमच्याकडं जुनी माणसं अजून हसत सांगतात की पोस्टातला माणूस वेशीत दिसला की लग्नात आलेला ट्रान्झिस्टर कणगीत जायचा.

मराठवाड्याची गोष्ट जरा वेगळी, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. स्वातंत्र्याच्या वेळी ऑल इंडिया रेडिओकडं सगळी मिळून सहा केंद्रं होती, आणि संस्थानांकडं स्वतःची पाच, त्यातलं एक हैदराबादला आणि एक आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. १९५० मध्ये ही दोन्ही आकाशवाणीत आली. म्हणजे रेडिओ हा आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर आलेला पाहुणा वगैरे काही नाही.

लायसनची पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बंद झाली. स्वस्तातले ट्रान्झिस्टर घरोघरी झाले, गुराख्याच्या खांद्यालाही रेडिओ आला, आता १५ रुपयांसाठी त्याच्या मागं कोण फिरणार. शिवाय तोवर जाहिरातीचा पैसा सुरू झाला होता, विविध भारतीवर १९६७ पासून आणि दूरदर्शनवर १९७६ पासून.

४. मग आज दूरदर्शन आणि आकाशवाणी चालतंय कशावर?

मुख्य म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानावर. दोन्ही संस्था प्रसार भारती या महामंडळाच्या खाली येतात, कायदा १९९० चा आणि तो लागू झाला १९९७ मध्ये, सात वर्षं नुसता कागदावर. पगाराचा मोठा भार सरकार उचलतं. यंत्रसामग्रीसाठी वेगळ्या योजना असतात, जानेवारी २०२३ मध्ये अशाच एका योजनेला २,५३९ कोटींच्या वर मंजुरी मिळाली, २०२५-२६ पर्यंतची. वरकमाई जाहिरातींची, आणि दूरदर्शनच्या बिनरिचार्जच्या फ्री डिशवर जागा मिळावी म्हणून खाजगी चॅनल लिलावात बोली लावतात त्याची.

म्हणजे 'आपण काहीच भरत नाही' हे खरं नाही. साबण घेतला, डिझेल टाकलं, रिचार्जवर १८ टक्के जीएसटी दिला, त्यातूनच हे चालतं, फक्त पावतीवर तसं लिहिलेलं नसतं.

आता ती कायद्यातली जागा. प्रसार भारती कायद्याचं कलम १७ म्हणतं की संसदेनं मंजुरी दिल्यावर केंद्र सरकार दरवर्षी महामंडळाला रेडिओ-टीव्ही लायसन फीचं उत्पन्न देऊ शकतं, 'असल्यास', वसुलीचा खर्च वजा करून, आणि वरून अनुदान किंवा कर्ज. गंमत बघा, फी बंद होऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर केलेला हा कायदा, तरी 'असल्यास' म्हणून दार किलकिलं ठेवलंय.

५. ब्रिटनमधी किती भरतात आणि नाही भरलं तर काय करतात?

एप्रिल २०२५ मध्ये वर्षाची फी १७४.५० पाउंड झाली, आपल्या हिशोबात वीस हजाराच्या आसपास, एका घराला. कुठल्याही चॅनलवर चालू प्रसारण बघायचं असेल किंवा बीबीसीचं (तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था, फी तिच्यासाठीच) आयप्लेअर हे ॲप वापरायचं असेल तर ती लागते. नुसता रेडिओ ऐकायला १९७१ पासून लागत नाही. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला आजही कमी दर आहे (हो, अजून आहे). अंध व्यक्तीला निम्मी माफ. पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना आधी फुकट होतं, ऑगस्ट २०२० पासून फक्त गरिबांची पेन्शन सवलत घेणाऱ्यांनाच माफी.

न भरता बघितलं तर तो फौजदारी गुन्हा, दंड हजार पाउंडापर्यंत. तपासणीवाला दारात येतो पण वॉरंट नसलं तर त्याला घरात घ्यायची सक्ती नाही. याची एक वाईट बाजू अशी की खटले भरलेल्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतात, कारण दिवसा दार उघडणारी बाईच असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याकडं तर दिवसा घरी कोण असतं ते वेगळं सांगायला नको.

६. बाकीचे देश काय करायलेत? सगळे सोडूनच द्यायलेत म्हणे.

सगळे नाही. ऑस्ट्रेलियानं १९७४ लाच सोडली, न्यूझीलंडनं १९९९ ला, फ्रान्सनं २०२२ ला. तिथं आता सरकारी करातून पैसा जातो. फिनलंडनं २०१३ पासून आणि स्वीडननं २०१९ पासून टीव्हीशी संबंधच तोडला आणि माणसाच्या उत्पन्नावर कर बसवला, कमी कमावणाऱ्याला कमी आणि वरती एक कमाल मर्यादा. जर्मनीनं २०१३ पासून घरटी केली, टीव्ही असो नसो, सध्या महिन्याला १८.३६ युरो, सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना माफी. इटलीनं २०१६ पासून वीजबिलात घातली (प्रश्न ७). जपानमध्ये टीव्ही असला की एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेशी करार करायचा असं कायदा म्हणतो, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते घटनेला धरून असल्याचं सांगितलं.

स्वित्झर्लंडचं मला सगळ्यात आवडतं. ४ मार्च २०१८ ला त्यांनी सरळ लोकांना विचारलं, फी बंद करायची का? ७१ टक्क्यांहून जास्त लोकांनी नको म्हणून सांगितलं. फी युरोपातल्या महागड्यांपैकी होती तरी. तिथं चार भाषा आहेत आणि छोट्या भाषेतलं चॅनल बाजारावर सोडलं तर टिकणार नाही हे लोकांना कळत होतं.

७. वीजबिलात महिन्याला दहा-वीस रुपये लावले तर? वसुलीची कटकटच नाही.

इटलीत चाललं, त्याआधी तिथं फी बुडवणाऱ्यांचं प्रमाण भरमसाठ होतं, बिलात घातल्यावर ते एकदम खाली आलं. पाकिस्ताननंही वर्षानुवर्षं पीटीव्हीसाठी वीजबिलातून महिन्याला ३५ रुपये घेतले, अगदी मशिदीच्या मीटरवरही येतात म्हणून तिथं ओरड झाली.

आपल्याकडं मला हे अजिबात पटत नाही. महावितरणचं बिल हातात घेऊन बघा, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, एवढे रकाने आधीच आहेत की नेमकी वीज कितीची जळली ते शोधावं लागतं. त्यात अजून एक रकाना. मीटर मेलेल्या आजोबाच्या नावावर, त्यावर तीन भावांच्या तीन चुली, एका चुलीला टीव्ही, दुसरीला नाही, फी कुणी द्यायची यावरून भावकीत भांडण. आणि मुख्य म्हणजे बिल थकलं की लाइन कटते. टीव्हीच्या फीपायी घरातला दिवा जाणार असेल तर ती फी चुकीचीच.

८. तुम्ही फिरवून बोलू नका. फी असावी का नसावी?

सार्वजनिक प्रसारणाला पक्का, दिल्लीच्या मर्जीवर नसलेला पैसा असावा. पण तो घरटी सारख्या रकमेनं घेऊ नये.

सारखी रक्कम म्हणजे सिडकोतल्या बंगल्यालाही तेवढीच आणि भूममधल्या कोरडवाहू चार एकरवाल्यालाही तेवढीच. त्याचं सोयाबीन हमीभावाच्या खाली जायलंय आणि आपण त्याला बातम्यांची फी मागायची? ब्रिटनमध्येही फीवरचा सगळ्यात जुना आक्षेप हाच आहे.

पण फी नको म्हणणारे लोक पुढं जे बोलतात तेही मला मान्य नाही, की मग सरकार बघून घेईल. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली त्याच्याच हातात बातमीचा मथळा, हे कुठल्याही पक्षाच्या सरकारला लागू आहे, आजच्या, कालच्या आणि उद्याच्या. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी १९९५ मध्येच सांगितलंय की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही.

माझं म्हणणं असं की डिश, केबल आणि इंटरनेटवर जो जीएसटी आपण आत्ताच भरतो त्यातला एक ठरीव हिस्सा कायद्यानं बाजूला काढावा, पाच-पाच वर्षांसाठी, आणि किती लागतं हे सरकारनं नाही तर वेगळ्या तज्ज्ञ मंडळानं ठरवावं. जर्मनीत हिशोब तपासून फी किती असावी याची शिफारस करणारं असं मंडळ आहे. जास्तीचा रिचार्ज मारणारा आपोआप जास्त देतो, फ्री डिशवाल्याला झळ बसत नाही, पावतीपुस्तक घेऊन कुणी दारात येत नाही. आणि त्या हिश्शातला काही भाग परभणी, नांदेड, बीड, धाराशिव अशा केंद्रांच्या नावानंच लिहिलेला असावा, नाहीतर सगळं पाणी वरच्याच धरणात अडतं हे जायकवाडीच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

९. आमच्या घरात सगळे मोबाईलवर बघतात, दूरदर्शन कुणी लावत नाही. आम्ही काहून पैसे द्यायचे?

रास्त प्रश्न आहे आणि यावर 'संस्कृती जपायची म्हणून' असलं उत्तर मी देणार नाही.

सप्टेंबर २०२५ आठवा. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, परभणी, पाणीच पाणी. अशा वेळी आधी लाइट जाते, मग मोबाईलचा टॉवर बॅटरीवर काही तास निघतो आणि बसतो, मग तुमचा तो मोबाईल नुसता टॉर्च. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र चालू असतो, कारण मिडीयम वेव्हचा ट्रान्समीटर लांबून शंभर-शंभर किलोमीटरवर पोचतो आणि ऐकणारे कितीही वाढले तरी जाम होत नाही. वर्षातले ३६० दिवस तुम्हाला त्याची गरज नाही हे मान्य. पण उरलेल्या पाच दिवसांसाठी केंद्र, माणसं, मनोरा वर्षभर उभा ठेवावा लागतो, गरज पडली त्या दिवशी विकत आणता येत नाही.

शिवाय तुम्ही न लावता वापरता ते वेगळंच. संभाजीनगर आकाशवाणीच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्या लिहून घेऊन स्पर्धा परीक्षेची पोरं वाचतात, ग्रुपवर टाकतात, त्यातल्या कित्येकांकडं रेडिओच नाही.

हे सगळं खरं असलं तरी पैसे 'प्रत्येक घरानं सारखे' द्यावेत असं त्यातून निघत नाही. ते प्रश्न ८ मध्ये सांगितलंय.

१०. जाहिरातींवर चालू द्या की. खाजगी चॅनल चालतातच ना?

चालतात, पण कुणासाठी? जाहिरातदाराला पुण्यातला फ्लॅट घेणारा पाहिजे. २०२२ ला लातूर-धाराशिव-बीडकडं शंखी गोगलगायीनं उगवतं सोयाबीन खाल्लं तेव्हा दुबार पेरणी करणाऱ्याला सांगायचं काय होतं, तर संध्याकाळी गोणपाट ओलं करून बांधावर टाका, सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. या सल्ल्याला कोण प्रायोजक मिळणार, गोणपाटवाला? परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामानावरचा सल्ला, बोंडअळीचे सापळे कधी लावायचे, हे असलं बोलणं रेडिओवरून वर्षानुवर्षं चालत आलंय आणि त्यात कमाई नाही. उलट औषध कंपनीच्या पैशावर चाललं तर सल्ला एकच, फवारा.

क्रिकेटचं उदाहरण नेहमी देतात म्हणून सांगतो. २००७ च्या कायद्यानं महत्त्वाचे सामने दूरदर्शनला दाखवायला द्यावेच लागतात, टीव्हीच्या जाहिरातीत हक्कवाल्याला ७५ टक्के आणि प्रसार भारतीला २५. त्यातही २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते फीड फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर, खाजगी केबल-डिशवर नाही. म्हणजे जाहिरातीची मलाई तिकडंच राहते.

११. फी लावली म्हणजे सरकारचा हात निघतो का तरी?

पूर्ण नाही. बीबीसीची फी किती हे ब्रिटनचं सरकारच ठरवतं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ती १५९ पाउंडावर दोन वर्षांसाठी गोठवली, महागाई वर जात असताना, म्हणजे न बोलता कपात. पंचाहत्तरीवाल्यांच्या सवलतीचा बोजाही सरकारनं असाच बीबीसीच्या गळ्यात घातला होता. बीबीसी ज्यावर चालते ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते, मग पुन्हा घासाघीस.

तरी दरवर्षीच्या अनुदानापेक्षा बरं. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, सार्वजनिक प्रसारणाला आधीच मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि ते पैसे वाटणाऱ्या महामंडळाला गाशा गुंडाळावा लागला. मार बसतो तो खेड्यातल्या छोट्या केंद्रांना, कारण शहरातल्या केंद्राला देणगीदार तरी सापडतात.

१२. फ्री डिशवर रोज एक रुपया लावला तर लोक देतील की!

हिशोब करून बघू. फ्री डिश चार कोटींहून जास्त घरात आहे असं सांगतात. रोज एक रुपया म्हणजे वर्षाचे ३६५, गुणिले चार कोटी, १,४६० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्यांनी भरला तर. फ्री डिशच्या साध्या बॉक्सला रिचार्जची सोयच नाही, तुमचा बॉक्स कुठंय हे कुणाला माहीत नसतं. मग नवे बॉक्स द्या, कस्टमर केअर उघडा, वसुली एजंट नेमा. आणि ज्यांनी एकदा डिश-बॉक्सचे पैसे टाकून 'महिन्याचं झंझट नको' म्हणून हे घेतलं तेच आपले सगळ्यात गरजू प्रेक्षक. गच्चीवरच्या जुन्या अँटेन्यावर येणारं दूरदर्शन २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झालं, म्हणजे त्यांना फुकटाचा दुसरा रस्ताही उरलेला नाही.

१३. पोरगी इंग्लंडात लेस्टरला शिकायला गेलीय, रूमवर टीव्हीच नाही, तरी लायसनचं पत्र आलं. भरायचं का?

काका, टीव्ही आहे का नाही हा प्रश्नच नाही, ती बघते काय हा आहे. लॅपटॉपवर भारताची मॅच चॅनलवर चालू असताना थेट बघत असेल तर लायसन लागतं, चॅनल कुणाचं का असेना. नेटफ्लिक्सवरचा सिनेमा, युट्यूबवरचे साधे व्हिडिओ, नंतर बघितलेले हायलाइट्स, याला लागत नाही, फक्त बीबीसीचं आयप्लेअर उघडलं तर लागतं. काहीच बघत नसेल तर त्यांच्या साइटवर तसं कळवता येतं, मग पत्रं कमी होतात.

तिथल्या पोरांत एक सवलत फिरते की घरच्यांचं लायसन असलं तर होस्टेलवर चार्जरला न लावता, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर बघितलेलं चालतं. ते खरंय, पण घरचं लायसन ब्रिटनमधल्या घराचं पाहिजे, तुमच्या लातूरच्या घराचा त्याला उपयोग नाही. आणि लायसन घेतलंच असेल तर सुट्टीला परत येताना पूर्ण महिना किंवा जास्त शिल्लक असला तर परतावा मागता येतो, बरीच पोरं विसरतात.

१४. मी बीबीसी मराठी बघतो. म्हणजे इंग्लंडच्या लोकांच्या फीवर बघतो का?

बऱ्यापैकी हो. २ ऑक्टोबर २०१७ ला ती सेवा सुरू झाली तेव्हा ब्रिटिश सरकारच्या वेगळ्या अनुदानातून पैसा आला होता, पण बीबीसीच्या जागतिक सेवेचा मोठा खर्च २०१४ पासून फीमधूनच जातो. २०२४ पासून भारतातल्या भाषांचं काम एक वेगळी भारतीय कंपनी बीबीसीसाठी करते. तुम्हाला मात्र कुठलं लायसन लागत नाही, निवांत बघा.

१५. आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने केजच्या गावात, सहा महिने कारखान्यावर कोपीत. उद्या घरटी फी आलीच तर आम्ही कुठं भरायची?

हा प्रश्न बीडहून आला आणि अख्ख्या यादीत फीच्या बाजूनं बोलणाऱ्यांना सगळ्यात अवघड जाईल असा हाच आहे. गावातलं घर दिवाळीपासून कुलूपबंद, कोपीत वीज नाही, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची बाकी, आणि फीची नोटीस बंद दाराच्या कडीला. घर हे एकक धरलं की असं होतंच. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशातही दोन घरं असणाऱ्यांकडून दोनदा फी घेत होते, शेवटी जुलै २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं सांगितलं की माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी बघू शकत नाही, दुसऱ्या घराची फी घेऊ नका. तरी माफीसाठी अर्ज माणसालाच करावा लागतो.

आपल्याकडं असा अर्ज करायचा झाला तर कुठल्या तहसीलला, केजच्या की कारखान्याच्या? गावचा दाखला कारखान्यावर कोण आणून देणार? अशी फी कधी आलीच तर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना, बीपीएल आणि अंत्योदय कार्डवाल्यांना अर्ज न मागता रेशनच्या यादीवरूनच माफी पाहिजे. तोवर तुम्ही काही भरायचं नाही, आणि कारखान्यावर कुणी टीव्हीच्या नावानं पैसे कापले तर मुकादमाला पावती मागा.